भोरड्यांचा वाटा

माझं काम दिवसातून दोनदा सुरू होतं. पहाटे पाहुण्यांना पक्षी दाखवायचे आणि दुपारी त्यांना जेवू घालायचं. लोक याला दोन धंदे समजतात. माझ्या लेखी ते एकच काम आहे, आणि ते एक का आहे हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

लोणारचं विवर बघायला माणसं पूर्वीपासून येतात. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला आणि मेहकर, सिंदखेडराजाच्या बाजूने येणाऱ्या गाड्या वाढल्या. त्यातले बहुतेक जण कड्यावर उभं राहून फोटो काढतात, गोमुखाची धार आणि दैत्यसूदनाचं देऊळ बघतात आणि संध्याकाळच्या आत निघून जातात. माझ्याकडे येणाऱ्यांच्या गळ्यात दुर्बीण असते आणि मुक्कामाची पिशवी असते. मुंबईकडून रेल्वेने येऊन शेगावला उतरलेले असले तर हातात कचोरीची पुडीही असते. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी शेगावच्या स्टेशनावर विकायला घेतलेली ही कचोरी आता बुलढाण्याची ओळख झाली आहे. पाहुणे ती कौतुकाने पुढे करतात. मीही आनंदाने खाते आणि मग सांगते, आपल्याकडचं बाकीचं उद्या शेतात खायचं आहे.

मी सुरुवात डब्यांपासून केली. सरोवराचा अभ्यास करायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना घरचं जेवण हवं असायचं. डबा पोचवायला मी स्वतः उतरायचे आणि त्यांचं जेवण होईपर्यंत त्यांची दुर्बीण माझ्या हातात असायची. टिबुकली, शेकाट्या, चक्रवाक ही नावं मी तिथे शिकले. मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश एका मुलीने मला वाचायला दिला आणि परत नेलाच नाही. पण शेतातली पाखरं मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझं माहेर पैनगंगेकाठचं, मेहकर तालुक्यातलं. लहानपणी दिवाळीनंतर शाळेआधी आणि शाळेनंतर आम्हा भावंडांची जागा ज्वारीतल्या मचाणावर असायची. भोरडी, मुनिया, पोपट, चिमणी, सुगरण यांतलं कोण कुठल्या बाजूने येतं, किती कणसं संपवतं, कोण दगडाला घाबरतं आणि कोण घाबरत नाही, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

पहाटे विवरात उतरताना मी पाहुण्यांना एक सवय लावते. पक्षी दिसला की नाव विचारू नका. तो काय खातोय ते आधी बघा. काहींना हे आवडत नाही. त्यांच्या वहीत नावांची यादी करायची असते. पण लोणारला ही सवय फार उपयोगी पडते, कारण इथलं पाणीच वेगळं आहे. उल्का आदळून बेसाल्ट खडकात झालेलं हे विवर तोंडाशी सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पाणी खारट आणि इतकं अल्कधर्मी की सामू दहाच्या वर मोजला गेला आहे. मी हे काम शिकले तेव्हा त्या पाण्यात मासा नव्हता. मग एवढं मोठं पाणी आणि काठावर खंड्या, पाणकावळे का नाहीत, हा प्रश्न पाहुण्यांच्या तोंडून आपोआप येतो. काठाच्या चिखलावर पांढरट फेस असतो, त्यावर चिलटांचे थर असतात आणि शेकाट्या, टिटव्या, धोबी ते टिपत चालत असतात. पाणी हिरवं दिसतं ते निळ्या-हिरव्या शेवाळामुळे, आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आले तर ते यासाठी येतात.

२०२०च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशाने लोणारचं नाव घेतलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला; महाराष्ट्रात त्याआधी फक्त नांदूर मध्यमेश्वरला तो होता. मला या बातमीचा अभिमान वाटला, अजूनही वाटतो. पण दर्जा मिळाला तो पाण्याला आणि पाणी एकटं राहत नाही. अलीकडच्या काळात पाण्याची पातळी चढली, कमळजादेवीच्या देवळाशी पाणी आलं. पाणी चढलं की चिलटांचा तो उथळ काठ बुडतो आणि शेकाट्यांना उभं राहायला जागा उरत नाही. भरलेलं सरोवर बघून पाहुणे खूश होतात. मी त्यांना काठ दाखवते.

पाण्यापासून वर चढताना वेड्या बाभळीचा पट्टा लागतो. वन खात्याने तो बराच काढला आहे, काढत आहे. त्याच्या वर दाट झाडी, त्यात मोर, हळद्या, दयाळ, टकाचोर, धनेश. नशीब असेल तर स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी. अख्खं अभयारण्य चार चौरस किलोमीटरही नाही. सकाळी नऊपर्यंत आम्ही कड्यावर परत आलेलो असतो आणि त्यानंतर मी पाहुण्यांना जिथे नेते ती जागा कुठल्याच नकाशावर रंगवलेली नाही. ती साधी शेती आहे.

शेतात कशाला, असं विचारणारे असतात. त्यांना वाटतं अभयारण्यात पक्षी, शेतात पीक. मी त्यांना बांधावर बसवते आणि आधी चहा देते. हिवाळ्यात तासाभरात तारेवर कोतवाल, नीळकंठ, वेडे राघू येतात, बैलांच्या मागे गायबगळे चालतात, जमिनीलगत भोवत्या पंख न हलवता तरंगत जातो, चंडोल वर चढून गातो. आणि जिथे ज्वारी उभी असेल तिथे भोरड्या.

भोरडी हा माझा पक्षी आहे. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ मुलखात ती वीण करते आणि ऑगस्टच्या शेवटापासून आपल्याकडे उतरू लागते. तिकडे ती टोळ खाते. चीनच्या शिनजियांगमध्ये तिने घरटी करावीत म्हणून दगडांचे ढीग आणि भिंती मुद्दाम रचून देतात, कारण ती टोळांचा फडशा पाडते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पळसाच्या फुलांतला रस पिते, म्हणून तिला पळसमैनाही म्हणतात. आणि या दोन्हींच्या मधल्या काळात ती ज्वारीच्या कणसावर बसते. कणीस दुधावर आलं, दाण्यात चीक भरला की ती येते. नेमक्या त्याच दिवसांत आपण हुरडा खातो.

माझं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. पाखराला जे कणीस ज्या दिवशी हवं असतं, तेच कणीस त्याच दिवशी माणसालाही हवं असतं. म्हणून गोफण होती, मचाण होतं, आरोळ्या होत्या, आणि म्हणूनच मचाणाखाली आगटी होती.

हुरड्याची आगटी लावायला मी पाहुण्यांनाच बसवते. खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या, ज्वाळ बसली की आरात कणसं खुपसायची. जास्त ठेवलं तर दाणा कडक होतो, कमी ठेवलं तर चीक कच्चा लागतो. गरम कणीस पोत्यावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. हिरवे दाणे, बरोबर शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी, गूळ, दही. वऱ्हाडात यासाठी वाणी नावाची ज्वारी असायची. गोड, मऊ, चोळली की सहज सुटणारी. ती भाकरीला नव्हती, विकायला नव्हती. कडेचे चार तास वाणीचे असत, आल्यागेल्याला खाऊ घालण्यासाठी. माझे वडील ते तास पेरताना पाखरांचा हिशोब धरूनच पेरायचे. पाखरं आधी कडेला उतरतात, तिथे रमतात, आतली ज्वारी थोडी वाचते.

मग सोयाबीन आलं. सोयाबीनवर माझा राग नाही. आमच्या घराचा पत्रा बदलून स्लॅब पडला तो सोयाबीनच्या पैशाने, आणि हे विसरून मी ज्वारीचे गोडवे गायले तर ते खोटं ठरेल. शंभर दिवसांच्या आसपास निघणारं पीक, काढलं की हातात रोकड, मागे हरभरा पेरायला रान मोकळं. ज्वारी कुठे टिकणार? माझ्या लहानपणी ज्या शिवारात नजर जाईल तिथे ज्वारी होती, तिथे आता ती शोधावी लागते. पण ज्वारी एकटी गेली नाही. तिच्या तासांमध्ये मूग, उडीद, तीळ असायचे, कडेला अंबाडी असायची. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवतात, वर लसणाची फोडणी आणि जास्तीचं तेल. ज्वारी नाही तर कण्या नाहीत, अंबाडी नाही, भाजीच गेली. तणनाशक आलं तसं तरोटा, कुरडू, चिवळ, घोळ हे बांधाच्या आतून हटलं. पावसाच्या पहिल्या आठवड्यांत ज्यांच्या घरी विकतची भाजी नसायची त्यांचं महिनाभराचं कोरड्यास त्यावर निघायचं. त्याच तणाचं बी लावे, चंडोल आणि मुनिया पुढे हिवाळाभर वेचायचे. स्वयंपाकघरातून एक पदार्थ गेला की शेतातून एक पाखरू कमी होतं, हे मी या कामात शिकले आहे. पुस्तकात मला ते कोणी असं सांगितलेलं नव्हतं.

आणि एक चक्र आहे ते मला आमच्या शेजारच्या शिवारातल्या एका काकांनी उलगडून दाखवलं. मी त्यांना म्हटलं, काका, यंदा थोडी ज्वारी टाका ना. ते म्हणाले, "सूनबाई, पेराले माही ना नाही. पण राखन कोन करीन? पोट्टे शिकाले गेले, मजूर भेटत नाही. आन् गावात एकट्याची जवारी राह्यली का साऱ्या शिवारातले पाखरं माह्याच वावरात उतरतेत." शंभर शेतांत ज्वारी होती तेव्हा थवा शंभर ठिकाणी वाटला जायचा. दहा शेतं उरली तेव्हा त्या दहांचं नुकसान वाढलं. मग त्यातल्या पाचांनी सोडली, उरलेल्या पाचांचं आणखी वाढलं. शेवटचा माणूस ज्वारी सोडतो तेव्हा लोक म्हणतात पाखरांनी ज्वारी संपवली. त्यात रोही आणि रानडुकरं. रात्रीत अर्धा एकर आडवं करतात. शेतकऱ्याच्या या त्रासाकडे डोळेझाक करून पक्षिप्रेम सांगणारी माणसं मला चालत नाहीत, आणि पाहुण्यांतलं कोणी तसं बोललं तर मी तिथल्या तिथे सांगते.

पाखरांच्या बाजूने बोलायचं तर तेही शेताच्या भाषेत बोलता येतं. हरभऱ्यावर घाटेअळी पडते. कृषी खात्याचेच लोक सांगतात की हरभऱ्यात पक्ष्यांना बसायला उभे थांबे ठेवा, किंवा पेरताना थोडे ज्वारीचे दाणे मिसळा, म्हणजे ज्वारीची ताटं उंच वाढतील आणि त्यावर बसून कोतवाल, साळुंक्या, भोरड्या अळ्या टिपतील. आमच्याकडे काही जण हे करतात. अशा हरभऱ्याच्या शेतात पाहुण्यांना न्यायला मला सर्वांत आवडतं. कोवळ्या हरभऱ्याचा शेंडा खुडलेला असतो, त्याची भाजी दुपारी ताटात असते, आणि ज्या ताटावर कोतवाल बसला होता त्याच जातीच्या दाण्याची भाकरी तिच्याबरोबर.

पुण्याहून आलेल्या एक बाई या शेतात बसून मला स्पेनबद्दल सांगत होत्या. त्या एस्त्रेमादुरा प्रांतातल्या मोनफ्राग्वे राष्ट्रीय उद्यानात पक्षी बघायला गेल्या होत्या. २००७ साली राष्ट्रीय उद्यान झालेली ही जागा काळ्या गिधाडांसाठी जगभर ओळखली जाते. नदीकाठच्या कड्यावर गिधाडं घरटी करतात आणि माणसं खालच्या रस्त्यावरून दुर्बिणी लावून बघतात. पण त्यांना जास्त आठवत होती ती उद्यानाबाहेरची जमीन. तिथे ओकची झाडं विरळ राखलेली असतात, खाली गवत, मेंढ्या, गुरं आणि काळी डुकरं. अशा रानाला ते देएसा म्हणतात. शरदात ओकची फळं गळतात, डुकरं ती खाऊन पोसतात आणि त्यांच्या मांडीचं खारवून सुकवलेलं मांस, हामोन, तिथला सर्वांत मानाचा पदार्थ आहे. त्याच दिवसांत उत्तर युरोपातून हजारो क्रौंच त्या रानात उतरतात आणि तीच फळं खातात. पाहुणा सकाळी क्रौंच बघतो, रात्री हामोन खातो, वर शेजारच्या ला वेरा भागातली, ओकच्या लाकडावर धुरावलेली तिखटपूड. झाड तोडलं तर पक्षी जाईल, डुक्कर जाईल, पदार्थ जाईल, हे तिथल्या शेतकऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही, कारण त्या झाडावर त्याचं घर चालतं.

मी तेव्हापासून त्या जागेबद्दल मिळेल ते वाचते. सगळं तिथेही सरळ नाही. गायींच्या मेंदूच्या रोगाची साथ आली तेव्हा युरोपात मेलेली जनावरं उघड्यावर टाकायला बंदी झाली आणि गिधाडांची उपासमार झाली. पुढे नियम सैल करावे लागले. आपल्याकडची गिधाडं गेली ती जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे. २००६ साली जनावरांसाठी ते बंद केलं, पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, गावाबाहेर ढोराभोवती बसलेल्या गिधाडांची रांग आठवते. मला नाही आठवत. पाखरू काय खातं हा प्रश्न किती दूरवर नेतो, त्याची ही दोन उदाहरणं मी प्रत्येक गटाला सांगते.

आपल्या जिल्ह्यात जंगल नाही असं नाही. बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथ्याच्या घाटात लागणारं ज्ञानगंगा अभयारण्य २०५ चौरस किलोमीटरचं आहे. साग, अंजन, सालई, मोह. अस्वलांसाठी प्रसिद्ध. टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात कॉलर असलेला एक तरुण वाघ २०१९मध्ये तेलंगणा आणि विदर्भ-मराठवाड्यातून हजारो किलोमीटर चालत इथेच येऊन थांबला होता. लोक त्याला वॉकर म्हणतात. पाहुण्यांना मी तिथेही नेते, वन खात्याच्या नियमाप्रमाणे, त्यांच्याच माणसाबरोबर. हरियल, सर्पगरुड, पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग. आत चूल पेटवायची नाही, त्यामुळे डबा असतो: धपाटे, ठेचा, कांदा, तिळाची चटणी. वाघ दिसेल का हे विचारत तिथे दिवस घालवणाऱ्यांपेक्षा उंबराखाली मान वर करून हरियल मोजणाऱ्यांबरोबर माझं जास्त जमतं. उंबर पिकला की सगळे त्यावर येतात, हे एकदा लक्षात आलं की जंगल वाचता येतं.

दुपारचं जेवण मात्र शेतातच. पाहुणे कितीही मोठे असोत, मी टेबल मांडत नाही. बसायला पोतं, ताटात भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. थंडीत कधी रोडगे असतात. गव्हाचं जाडं पीठ, ओवा, मीठ, तेलाचं मोहन. घट्ट मळून गोळे करायचे आणि गोवरीच्या आरात पुरायचे. बाहेरून करपलेला रोडगा झटकून फोडला की आत वाफ असते. त्यात तूप, वर वरण, बाजूला वांग्याचा झणझणीत रस्सा. वऱ्हाडात हे देवाच्या भंडाऱ्याचं जेवण आहे, एकट्यासाठी कोणी करत नाही. शिजायला वेळ लागतो आणि तो वेळ मला हवा असतो. आर विझेपर्यंत माणसं शेतातून उठत नाहीत, आणि जे पक्षी सकाळच्या धावपळीत दिसले नाहीत ते तेव्हा दिसतात. लाव्याची जोडी बांधावरून पलीकडे जाताना बघितली की चाळिशीतली माणसंही एकमेकांचे हात धरतात.

ज्वारी मिळेना तेव्हा मी काही दिवस बाजारातून पीठ आणलं. भाकरी झाली, पण पाहुण्यांनी विचारलं, हे पीक कुठलं, आणि मला बोट दाखवायला शेत नव्हतं. त्यानंतर मी काकांकडे पुन्हा गेले, या वेळी विनंती न करता हिशोब घेऊन. रस्त्यालगतचा एक पट्टा ज्वारीला द्या. कडेचे तास पाखरांसाठी राखण न करता सोडा. त्या तासांत जेवढा दाणा झाला असता त्याचे पैसे मी पेरणीआधी देईन, मग पाखरांनी खाल्लं काय आणि डुकरांनी काय. आतली ज्वारी तुमची. हुरड्याची कणसं मी वेगळी विकत घेईन. कडबा तुमचा. कडब्याला भाव चांगला असतो, आणि खरं सांगायचं तर काका राजी झाले ते कडब्यामुळे. घरी म्हशी आहेत, सोयाबीनच्या कुटारावर त्या दूध देत नाहीत.

हे पैसे मी पाहुण्यांकडून वेगळे घेते. जेवणाचे इतके, माझ्या वेळेचे इतके, आणि भोरड्यांच्या वाट्याचे इतके. पावतीवर तसंच लिहिते. तिसऱ्या रकमेबद्दल आजवर कोणी कुरकुर केलेली नाही. काहींनी जास्तीचे देऊ केले, ते मी घेतले नाहीत, कारण हे दान झालं तर मोडेल. ज्याने दाणा पिकवला त्याला दाण्याचा भाव मिळाला पाहिजे, एवढंच त्यात आहे.

यातून ज्वारी परत येईल असं मी म्हणत नाही. एका पट्ट्याने शिवार बदलत नाही. शेजारच्या एका शेतकऱ्याने सुरुवातीला तक्रारच केली की तुमच्यामुळे पाखरं आमच्या तुरीवर येतात. आम्ही त्यांना घेऊन बसलो, भोरड्या तुरीवर अळी टिपतात हे त्यांनी स्वतः बघितलं, पण रोही तुरीत शिरतात ते खरंच होतं आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुंपणाचा खर्च पाहुण्यांच्या पैशातून निघत नाही. तो प्रश्न सरकारने सोडवायचा आहे, आणि जंगलाच्या कडेच्या शेतकऱ्याला नुकसानीची भरपाई वेळेवर मिळाली तर पाखरांबद्दल त्याचं मन निम्मं बदलेल, असं माझं ठाम मत आहे. शेजारच्या अकोला-वाशीमकडे फासेपारधी समाजातली माणसं तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी राखण्याच्या कामात उतरली आहेत. ज्यांच्या हातात फास होता त्यांनाच पाखरू सगळ्यात नीट ठाऊक होतं. गोफण हातात असलेल्यांचंही तसंच आहे. त्यांना विचारायला मात्र कोणी येत नाही.

राज्यात २०२०पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. वाणीचा हुरडा साधारण त्याच सुमारास होतो. गेल्या खेपेला मी गावातल्या शाळेची मुलं काकांच्या शेतात आणली. बहुतेकांनी हुरडा खाल्ला होता, पण कणीस उभं असलेलं जवळून बघितलं नव्हतं. काकांनी त्यांना गोफण फिरवून दाखवली, दगड न घालता. मग एका मुलीने विचारलं, पाखरं हाकलायची होती तर तुम्ही त्यांच्यासाठी तास का सोडले? काका म्हणाले, "आमचे बाप सोडत होते. माहा बी हात तसाच पडते."

यंदा दुसऱ्या एका घरानेही पट्टा द्यायचं कबूल केलं आहे. त्या घरच्या काकूंची अट वेगळी आहे: नुसती ज्वारी नको, मध्ये मूग हवा आणि कडेला अंबाडी. मूग वड्यांसाठी, अंबाडी भाजीसाठी आणि दोरासाठी. अंबाडीचं बी आमच्या भागात सहज मिळेना. माझ्या माहेरच्या एका आजींकडे मडक्यात राखेत ठेवलेलं निघालं, त्यातलं त्यांनी ओंजळभर दिलं आहे. वाणीचं बी काकांकडे आहे. मृग पडला की दोन्ही एकाच दिवशी टाकायचं ठरलं आहे, कारण काकूंची तिफण काकांच्या बैलांवर चालते.